यवतेश्वरच्या घाटात, कान उघडे ठेवून

साताऱ्यात मुक्काम पडला की पहाटे यवतेश्वरचा घाट पळत चढायचा, हा माझा जुना नेम. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते, त्यामुळे पळणाऱ्या मंडळींना ही वळणं तोंडपाठ असतात. गेल्या खेपेला कानात गाणी होती आणि एका वळणावर मागून आलेली जीप कोपराला वारा घालून गेली. हॉर्न वाजवला असणार, मलाच ऐकू आला नाही. म्हणून या जूनमध्ये फोन खोलीवरच ठेवला.

साडेपाचला समर्थ मंदिरापासून निघालो. पहिली दहा मिनिटं वाईट गेली. गाणं नसलं की डोक्यात गृहकर्जाचा हप्ता वाजत राहतो! बोगद्याजवळून कासचा रस्ता वर चढतो, पण त्याआधी उगीच गंमत म्हणून वीसेक पावलं बोगद्यात पळालो. सज्जनगडाकडची वाहतूक अजून सुरू व्हायची होती. भिंतींनी माझीच पावलं मला ऐकवली: टप्, थप्, टप्, थप्. उजवा पाय अलगद पडत होता, डावा आदळत होता. माझ्या डाव्या बुटाची टाच नेहमी आधी झिजते, आणि इतकी वर्षं मी बुटांना शिव्या घालत होतो.

घाट लागला. चढावर गाणं फसवतं. ठेका सपाटीचा आणि छाती चढाची, मग अर्ध्यातच धाप. आज श्वास मोजत गेलो. तीन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर. हे गणित दोनाला दोनवर आलं की समजायचं, चढ वाढला. डोळ्यांना रस्ता तसाच दिसला तरी. एकाला एक झालं की लाज न बाळगता चालायचं.

गाड्याही आवाजावरून ओळखता येतात. चढणारी एसटी दोन वळणं आधीपासून गुरगुरते. उतरणारी गाडी मात्र जवळपास मुकी, फक्त ओल्या डांबरावर टायरची चरचर. भ्यायचं ते तिला. मी उजव्या कडेने पळतो, म्हणजे ती समोरून येते.

मध्ये पावशा ‘पेर्ते व्हा’ करत होता. मग खालच्या ओहोळातून कुणीतरी शीळ घातली. सूर सापडलाय, चाल आठवत नाहीये, अशी. एखादा गुराखी असेल म्हणून वाकून पाहिलं, तर कुणीच नाही. शीळकरी कस्तूर! हा निळाकाळा पक्षी ओढ्याकाठचा. पावसाळा हा त्याच्या विणीचा हंगाम, त्यामुळे आता तो गळा मोकळा सोडतो. मी थांबलो. घड्याळ चालूच राहिलं, राहू दे.

वरून उतरणाऱ्या दूधवाल्याने मोटारसायकल थांबवली. किटल्या खणखणल्या.

“पाव्हणं, यष्टी चुकली का काय? बसा मागं, सोडतो खाली.”

“नाही हो मामा, मुद्दाम पळतोय.”

“चढाला?” एवढंच म्हणून त्यांनी गाडी पुढे सोडली.

यवतेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि मागे फिरलो. समोर अजिंक्यतारा अर्धा ढगात होता. उताराला पावलं आखूड टाकली, डाव्यावर कान ठेवून. खाली येऊन पुन्हा बोगद्यात शिरलो. थप् होतीच. जराशी मऊ, एवढंच.