लटकलेली गाडी आधी बंद करा

बीडमध्ये माझं गॅरेज आहे. पाऊस उघडला की ऑफरोडवाली पोरं येऊन टपकतात. नवे टायर दाखवतात, गाडी उंच करायचं लिफ्ट किट दाखवतात, पुढच्या बंपरवरचा विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र) तर हात फिरवून फिरवून दाखवतात. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, बघितली का, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

मध्यंतरी एक जुनी डिझेल गाडी टोचन करून आली. "दादा, खालून ठकठक आवाज करायलीय." मांजरसुंब्याकडं कुणाच्या तरी बंद खदानीत गेले होते. मुरमाचा चढ, वर पोचता पोचता चाकं फिरायला लागली, मग विंच लावला. गाडी नाक वर करून लटकलेली आणि बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हरनं रेस धरून ठेवलेली. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर खोलला तर ऑइलमध्ये धातूची चमकी. कनेक्टिंग रॉडचे शेल, म्हणजे बेअरिंगच्या पातळ वाट्या, काढल्या. वरचा करडा थर पुसून गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं, आणि क्रँकच्या पिनवर नखाला लागतील असे ओरखडे. पोरगं म्हणालं, "ऑइल तर फुल होतं की!" होतं ना. पण सपाटीवर.

ताट तिरकं धरलं की वरण एका कडेला जातं, चेंबरमध्येही तेच होतं. समजा चेंबर ४० सेंटिमीटर लांब आहे आणि गाडी ३० अंशात उभी आहे. आता एका टोकाला ऑइलची पातळी दुसऱ्या टोकापेक्षा २३ सेंटिमीटरनं वर जायला बघते. चेंबरची खोलीच मुळात वीतभर. म्हणजे एक टोक कोरडंच पडणार, आणि पंपाची जाळी (ऑइल ओढायच्या नळीच्या तोंडाची) त्या टोकाला असली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. घाटातला रस्ता कितीही अवघड वाटला तरी त्याचा चढ साधारण ३-४ अंशांचाच असतो. त्यामुळं रोज घाट चढणाऱ्याला हा प्रकार कधी दिसतच नाही.

त्यात रेस वाढवली की पंप ऑइल वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, फेकत राहतो. तिथून खाली येण्याची भोकं तिरक्या गाडीत नीट मोकळी होत नाहीत. वर ऑइल साचतं, खाली आणखी कमी होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चढ चढताना इंजिन सहसा मरत नाही. दोन-चार सेकंद जाळी उघडी पडली तर शेलमध्ये उरलेलं ऑइल बऱ्याचदा निभावून नेतं. इंजिन मरतं ते चढावर लटकून राहिल्यावर, आणि विंचिंगमध्ये नेमकं तेच होतं.

आपल्या गाडीची जाळी कुठं आहे हे आधी माहीत करून घ्या. पुढं सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड दांडा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत चेंबरचा खोल भाग मागं असतो, कारण पुढं एक्सलला जागा लागते. अशा गाडीला चढ सोपा, धोका उतारावर. त्यात उतारावर कचकन ब्रेक मारला तर ऑइल अजून पुढं पळतं. इंजिन आडवं बसवलेलं असेल तर गाडीचा चढ-उतार हा इंजिनासाठी बाजूचा कल होतो, म्हणजे सगळा हिशोबच फिरतो. जुन्या विलिज जीपच्या इंजिनात पंपाची जाळी ऑइलवर तरंगायची. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून ती सोय होती. आताच्या इंजिनांत जाळी सहसा एका जागी पक्की असते.

मग करायचं काय? सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइल बघा आणि वरच्या खुणेपर्यंत भरा. मधल्या खुणेवर "चालतंय की" म्हणू नका. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटरच्या आसपास फरक असतो, आणि चढावर तोच लिटर कामाला येतो. पण खुणेच्या वर लिटरभर जास्त ओतणारेही शहाणे आहेत. त्यानं क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो आणि फेसाला प्रेशर धरत नाही. शिवाय ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे हवा ओढायच्या वाटेत, गेलं तर डिझेल इंजिन चावी काढूनही पळत सुटतं.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. प्रेशर जवळजवळ संपल्यावरच तो लागतो. काटा असलेला प्रेशर गेज बसवा. विंचच्या मानानं तो फुकटात पडतो. काटा थरथरत खाली यायला लागला की रेस सोडा. गाडी जागेवर धरली असेल तर गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा, मग विंचचा विचार करा. न्यूट्रलमध्ये मागं सोडायची हुशारी नको; इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर, म्हणजे ब्रेक हलका करणारी मदत, एक-दोन दाबांतच संपतो. बॅटरी चांगली असेल तर थोडं ओढा, थांबा, पुन्हा ओढा. वेळ लागतो, लागू द्या.

नेहमीच असल्या जागी जाणार असाल तर चेंबरमध्ये आडवे पडदे वेल्ड करून घ्या, जाळीभोवती ऑइल अडून राहतं. काम जाणत्या माणसाकडूनच करा, कारण वेल्डिंगचा एक कण आत राहिला तर तोच शेल खातो. चेंबर खोल करायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडचा काळा दगड खाली लोंबणाऱ्या कुठल्याच गोष्टीला सोडत नाही. खदानीतून आल्यावर गाडीखाली वाकून चेंबरचा तळ हातानं चाचपा. जाळीखाली पोचा आला असेल तर तळ जाळीला टेकून तिचं तोंडच बंद करतो, मग सपाट रोडवरही प्रेशर मिळत नाही. असा पोचा बाहेरून ठोकून निघत नाही, चेंबर उतरवावाच लागतो.