एकट्याने जायचं नाही

फोर-बाय-फोर गाडीची कुठलीही जाहिरात डोळ्यांपुढे आणा. अथांग माळ, लांबवर डोंगर, मधे एकच गाडी धुरळा उडवत चाललेली. आसपास चिटपाखरू नाही. आत बसलेल्या माणसाला ना कुणाची वाट बघायचीय, ना कुणाला विचारायचंय. ती गाडी घेऊन तुम्ही नाशिकच्या एखाद्या ऑफ-रोडवाल्या, म्हणजे रस्ता सोडून माळा-चिखलात गाड्या घालणाऱ्या, टोळक्यात शिरलात, की पहिल्याच बैठकीत, चहा हातात यायच्या आधी, जो नियम कानावर पडतो तो असा: एकट्याने जायचं नाही. दोन गाड्या हव्यातच. तीन असतील तर उत्तम.

कारण साधं आहे. चारही चाकांना ताकद मिळते हे खरं, पण गाडीचं पोट एकदा दगडावर टेकलं की चारही चाकं मिळून हवेतच गरगरतात. साधी गाडी लवकर अडकते, त्यामुळे रस्त्याजवळच अडकते. फोर-बाय-फोर उशिरा अडकते, म्हणून फार आत जाऊन अडकते. मग तिला ओढायला तितक्याच आत येऊ शकणारी दुसरी गाडी लागते. म्हणजे पंधरा-वीस लाख मोजून स्वातंत्र्य दारात उभं करायचं आणि त्याबरोबर दहा माणसांच्या सुट्ट्या, त्यांच्याकडची लग्नं, पथ्यं आणि स्वभाव यांच्याशी गाठ बांधून घ्यायची. या छंदातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट हीच. त्यामुळे प्रत्यक्ष सहलीइतकीच तिची आखणीही मी मन लावून ऐकतो.

क्लबात माणसाला नाव नसतं, गाडी असते. 'लाल थार येतेय का?' 'जिम्नीचा काही निरोप?' 'गुरखावाले डॉक्टर ऑन-कॉल आहेत.' पांढऱ्या थारवाल्या ताई स्वतः चालवतात आणि त्यांचे यजमान शेजारी बसून दरवाजावरचं हँडल दोन्ही हातांनी धरतात, म्हणून त्यांना सगळे 'हँडलवाले भाऊजी' म्हणतात. या सगळ्यांत वडीलधारे म्हणजे जिप्सीवाले काका. मारुती जिप्सी १९८५ साली आली, आणि काकांच्या मते त्यानंतर काही यायची गरज नव्हती. थारबद्दल मात्र नाशिकमध्ये जपून बोलावं लागतं. ती बनते इथल्याच कारखान्यात आणि ऑफ-रोड चालवायचं शिकवायला कंपनीने प्रशिक्षणाची जागा काढली तीही इगतपुरीला. त्यामुळे प्रत्येकाचा कुणीतरी मावसभाऊ 'आतला' असतो आणि गिअरबॉक्सविषयीचं कुठलंही मत त्या मावसभावाच्या हवाल्याने मांडता येतं.

आखणीतला सगळ्यात अवघड चढ म्हणजे तारीख. कुणाला शनिवारी सुट्टी, कुणाला रविवारी, अंबडच्या कारखानदाराला महिनाअखेर चालत नाही, डॉक्टरांना महिन्याची सुरुवात. पण खरा पेच असतो तो आमच्या निफाडकडच्या द्राक्षवाल्याचा. त्याला मोकळा महिना विचारला की तो नुसता हसतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग विरळणी आणि फवारण्या, जानेवारीपासून काढणी, आणि मधल्या पावसात डाऊनी या रोगाची धास्ती. आम्हाला तंबूत झोपायला डिसेंबरची कडाक्याची थंडी हवी असते, शेकोटीभोवती बसायला. थंडीच्या आकड्यांत निफाडचं नाव राज्यात वरती असतं, आणि नेमक्या त्याच रात्री हा माणूस बागेत पहाटेपर्यंत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवत फिरत असतो, घडांना गारठा लागू नये म्हणून. 'तुम्ही मजेखातर जाळता ते मी पोटाखातर जाळतो,' असं तो एकदा म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्या तारखेला कुणी आडवं गेलं नाही.

तारीख ठरली की जागा. त्र्यंबकच्या एकाच डोंगररांगेतून गोदावरी निघून पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला. आमची चर्चाही त्याच बेताने दुभंगते. एका गटाला हरसूल-जव्हारकडचा लाल मातीचा, झाडीचा मुलूख हवा असतो, दुसऱ्याला बागलाणातले साल्हेरच्या बाजूचे उघडे माळ. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर, पण त्याच्या पायथ्याशी पोहोचायलाच अर्धा दिवस जातो आणि परत यायला उरलेला. शेवटी बहुतेकदा तोडगा निघतो तो वैतरणेच्या धरणाचा काठ. पहिने घाटातून जायचं, अंतर फार नाही, फोनला कुठे कुठे रेंज, आणि मागे डोंगर. तिथलं पाणी मुंबईला जातं, मुंबईची माणसं तिथे येतात, नाशिककरांनी निदान काठावर तरी बसावं असा एक मुद्दा काका दरवेळी मांडतात.

नकाशावर मात्र कुणीतरी पठार दाखवतोच. 'ही वाट बघा, थेट वर जाते.' जाते खरी, पण हद्द वनखात्याची. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं १९२७च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, एवढं सांगूनही 'कोण बघतंय' म्हणणारा एखादा निघतो. त्याला ताई अंजनेरीचं सांगतात. त्या पठारावर कंदिलपुष्पाची एक जात उगवते, तिचं शास्त्रीय नावच त्या डोंगरावरून पडलंय. खडकावर बोटभर माती, तिच्यात ते कंद. एका गाडीने एकदा टायर फिरवला तर काय उरेल? यावर तो गप्प बसतो. पटलं म्हणून की ताईंनी विचारलं म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

उरतात त्या पाणंदी आणि गाडीवाटा. इथे मला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. ज्या वाटेवर खडी पडावी, पावसाळ्यात आजारी माणूस झोळीतून न्यावा लागू नये, म्हणून एखादा पाडा वर्षानुवर्षं अर्ज करतोय, तीच वाट आम्ही 'काय मस्त ट्रॅक आहे' म्हणत शोधत येतो. वाट खराब असणं हा आमचा आनंद आहे आणि तिथल्यांची अडचण. म्हणून जागा पक्की करायला आधी दोघे-तिघे जातात, साध्या गाडीने, आणि मालकाच्या ओट्यावर बसतात. गेल्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'एवढ्या लांबून चिखलात घालायला गाड्या आणता?' हो म्हणालो. 'आणा. पण भाताचे बांध मोडू नका, आन् पोरांना पाण्यात जाऊ देऊ नका. उतार कळत नाही तिथला.' पैशांचं बोलणं त्यांच्या सुनेने केलं, आणि तिथेच भाकरी, पिठलं आणि ठेच्याचंही ठरून गेलं. रुतलेल्या गाडीला शेवटी गावातल्या ट्रॅक्टरचंच टोचन लागतं, हे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बाबांच्या नातवाने फोन नंबर आपणहून दिला.

धरणाच्या काठाचं एक वेगळंच प्रकरण आहे. पाणी जसं उतरतं तसा मागे गाळाचा सपाट पट्टा उघडा पडतो. वरून वाळून पापुद्रे सुटलेले, बघणाऱ्याला वाटतं क्रिकेटचं मैदान. आत मात्र ओल तशीच. माणूस चालला तर पायाचा ठसा उमटत नाही, गाडी गेली की एक्सलपर्यंत खाली. म्हणून तिथे कुणीतरी आधी पायी जाऊन पहार खुपसून बघायची, हे काम वाटून दिलेलं असतं.

सामानाच्या यादीवर भांडणं होतात ती कॉम्प्रेसरवरून. मातीत, चिखलात उतरण्यापूर्वी टायरची हवा कमी करतात. रस्त्यावर तीसच्या आसपास असते ती अठरा-वीसवर आणली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, दगडाचे धक्केही कमी बसतात. हवा सोडायला काही लागत नाही, काडी पुरते. पण डांबरावर परत येताना भरावी लागते, आणि दहा गाड्यांना एकच कॉम्प्रेसर असला की रस्त्याच्या कडेला तासभर मुक्काम. नव्या मंडळींना आणखी एक सांगावं लागतं, की डांबरावर फोर-व्हील लावून मिरवायचं नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाड्यांत पुढची-मागची जोडी एकत्र जखडलेली असते. मातीत चाक थोडं घसरून तो हिशेब चुकता करतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण गिअरवर.

ओढायच्या दोराबद्दल काका विनोद चालू देत नाहीत. नायलॉनचा पट्टा ताणला की त्यात जोर साठतो; तो गाडीच्या चासीला जोडलेल्या हुकातच अडकवायचा, ट्रेलर जोडायला मागे जो गोळा असतो त्यात कधीच नाही. तो गोळा तुटला तर बंदुकीतून सुटल्यासारखा येतो. विंचच्या, म्हणजे गाडीवरच्या ओढायच्या चरखीच्या, तारेवर घोंगडी टाकायची, आणि मोबाइल घेऊन जवळ उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्याला सरळ हाकलायचं, मग तो कुणाचाही मावसभाऊ असो.

हे सगळं दोन तास चाललेलं असतं आणि मग एखाद्या वहिनी शांतपणे विचारतात, 'टॉयलेटचं काय?' क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात. डिफरन्शियल लॉकवर वाद घालणाऱ्या दहा पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आलेला नसतो. खरं तर जागा चांगली की वाईट ते यावरूनच ठरावं. आता त्यासाठी वेगळा छोटा उभा तंबू आहे. पाण्यापासून पुरेसं लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. चाकाखालची माती उकरायला घेतलेलं फावडंच तिथेही चालतं, आणि दुसरं फावडं घ्यावं हा ठराव त्याच बैठकीत एकमताने होतो. आमच्याकडे एकमताने झालेला बहुधा तेवढाच.

तंबूच्या खुंट्या इथल्या मुरमात शिरत नाहीत, म्हणून दोऱ्या गाडीच्या चाकाला बांधायच्या. कचरा परत आणायचा. बाटली उघडायची असेल त्याने आधी गाडीची किल्ली ताईंकडे द्यायची, आणि ती सकाळी नाश्ता झाल्यावरच मिळते. हँडलवाले भाऊजींनाही सूट नाही.

सगळ्यात शेवटी ठरतो तो गाड्यांचा क्रम. पुढे कोण यासाठी हात वर होतात, मागे कोण म्हटलं की सगळ्यांना फोन येतात. शेवटच्या गाडीने सगळ्यांची धूळ खायची, कुणी पंक्चर झालं की थांबायचं, आणि पुढे काय गंमत झाली ते नंतर ऐकायचं. तरी तिथे बसवायचा तो सगळ्यात मुरलेला माणूस, दोर आणि कॉम्प्रेसरही त्याच्याच डिकीत. बाकीच्यांना एकच नियम: फाटा आला की थांबायचं, मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. पुढच्याला गाठायची घाई करायची नाही, कारण तोही कुठल्या तरी फाट्यावर थांबलेला असतो.

यंदाही मागे जिप्सीवाले काकाच राहणार आहेत. त्यांनी कुरकुर न करता मान्य केलं, फक्त एक अट घातली. सकाळी निघताना त्र्यंबक रोडवर मिसळ खायला थांबू तेव्हा पहिली प्लेट शेवटच्या गाडीची. त्यावर द्राक्षवाला म्हणाला, 'काका, मिसळ खाऊन मग क्रम लावू या ना.' काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की ठराव तिथेच मंजूर झाला.