पोरगं अजून एकोणीसचंय

खडकीत पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, धनराज पिल्लेला त्याने लहानपणीच ओळखलेलं असतं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिका आणि टाकून दिलेले बॉल घेऊन खेळणारं ते काटकुळं पोरगं पुढे भारताच्या हॉकी संघाचा कप्तान होणार, हे म्हणे चहावाल्यापासून फॅक्टरीच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या लोकांना ठाऊक होतं तर भारताची जर्सी अंगावर चढायला १९८९ साल, म्हणजे वयाची एकविशी का उजाडावी लागली, हा प्रश्न मात्र खडकीत विचारायचा नसतो. मी विचारला होता. अण्णा त्यानंतर बराच वेळ माझ्याशी बोलले नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

अण्णा घरात तमिळ बोलतात, बाजारात कँटोन्मेंटची हिंदी आणि आमच्याशी मराठी. अंपायरशी बोलताना तिन्ही एकदम. फॅक्टरीच्या टीममधून खेळले, फॅक्टरीतूनच निवृत्त झाले, आणि आता पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांची जागा ठरलेली आहे. तिथे आम्ही चार-पाच जण जमतो. खाली निळ्या टर्फवर जे काही चाललं असेल ते बघतो आणि वर बसून वाद घालतो. खरं सांगायचं तर खेळ कंटाळवाणा असला की वाद जास्त रंगतो.

सध्याचा विषय एक फॉरवर्ड आहे. नाव लिहीत नाही. पोरगं अजून एकोणीस वर्षांचं आहे, आणि उद्या कुणी त्याचं नाव शोधलं तर पहिल्यांदा आमची बडबड सापडावी हे काही बरं नाही. शाळेच्या आणि सबज्युनियरच्या स्पर्धांत हा मुलगा गोलांचा रतीब घालायचा. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बॉल आला की काहीतरी होणार, हे समोरच्या गोलकीपरलाही कळायचं. मग तो मोठ्यांच्या संघात आला आणि रतीब बंद झाला. पळतो चिकार, दमतो चिकार, बॉल पायाशी आला की क्षणभर अडखळतो, आणि तेवढ्यात बॅक त्याच्या स्टिकखालून बॉल काढून घेतो.

"संपलं हे पोरगं," अण्णा म्हणतात. "सोळाव्या वर्षी जे होतं तेच आहे. धनराज या वयात काय होता माहितीय?"

"वेळ द्या हो अण्णा," आमचे सर म्हणतात. सर कॉलेजात शिकवायचे. वेळ द्या हे त्यांचं आवडतं वाक्य आहे, बहुधा पेपर तपासण्याच्या दिवसांपासूनचं. "तुमच्या खडकीतून मेट्रो कितीतरी महिने न थांबता जात होती. बोपोडीत उतरून मागे यायचात. स्टेशन उघडलं शेवटी की नाही? मग या मुलाचं पण उघडेल."

"स्टेशन कुठं आहे ते तरी दिसत होतं," अण्णा म्हणाले. हा मुद्दा मला बिनतोड वाटला.

तिसरा पक्ष वाकडचा. हा तरुण सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि तो मोबाइलमध्ये तक्ता भरतो. कोण किती वेळा डीमध्ये शिरला, कोणी किती पेनल्टी कॉर्नर (समोरच्यांच्या डीमधल्या चुकीवर मिळणारे गोलचे ठरावीक मौके) मिळवून दिले, कुणाकडून बॉल किती वेळा गेला. त्याच्या तक्त्याप्रमाणे आमचा मुलगा संघातला सगळ्यात उपयोगी फॉरवर्ड निघतो. अण्णांना हा तक्ता अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते फॉरवर्डचा हिशेब बोर्डावर असतो, बाकी सगळी कारकुनी.

गंमत अशी की ज्याच्या नावाने अण्णा सगळ्यांना मोजतात त्याच्याच गोलांचा धड हिशेब कुणी ठेवलेला नाही. धनराज १९८९ ते २००४ या काळात भारतासाठी ३३९ सामने खेळला, चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप, चार एशियाड. पण गोल किती? हॉकी फेडरेशनने अधिकृत नोंदच नीट ठेवली नाही. सांगितले जातात ते अंदाज. म्हणजे या पोराचा प्रत्येक चुकलेला बॉल तक्त्यात चढतो आणि तुलना होते ती न मोजलेल्या गोलांशी. न मोजलेले गोल दरवर्षी वाढतात, हा माझा पायऱ्यांवरचा अनुभव आहे.

आता थोडं त्या अडखळण्याबद्दल, कारण माझ्या मते सगळा पेच तिथे आहे. हा मुलगा मुरमाच्या मैदानावर वाढला. मुरमावर बॉल कधी सरळ येत नाही. खडा लागतो, उसळतो, वळतो. अशा मैदानावर शहाणं पोर शेवटपर्यंत बॉलवर नजर ठेवतं, स्टिक जरा उभी धरतं, आधी बॉल थांबवतं आणि मग मान वर करून बघतं. चांगली सवय आहे, मुरमावर तीच जगवते. पाणी मारलेल्या टर्फवर तीच गळ्याशी येते. तिथे बॉल सपाट येतो, सणसणत येतो, आणि थांबवून मग बघू म्हणणाऱ्याला बघायला काही उरत नाही. तिथे बॉल यायच्या आधी मान वळवून मागचा बॅक कुठे आहे ते पाहायचं, गुडघ्यात वाकून स्टिक जमिनीलगत न्यायची, आणि पहिल्या स्पर्शातच बॉल पुढच्या मोकळ्या जागेत घालायचा. बॉल अडवणं आणि वळणं या दोन गोष्टींची एक गोष्ट करायची. त्यात हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट, आणि डावखुऱ्यांची स्टिक मिळत नाही. डाव्या बगलेवरून आत शिरायचं तर रिव्हर्सचा, म्हणजे स्टिक उलटी फिरवून खेळायचा, हात पक्का हवा. लहानपणापासून बसलेली सवय मोडायला, बसवायला लागली त्याहून जास्त दिवस लागतात. मधल्या काळात खेळाडू दोन्ही बाजूंनी जातो: जुनं विसरलेलं असतं, नवं अंगात आलेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला तो खालावलेला दिसतो.

फॉरवर्डचं कामही तेच राहिलेलं नाही. नव्वदच्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला, म्हणजे फॉरवर्डला बॅकच्या मागेही उभं राहता येऊ लागलं. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि माणसं सतत आत-बाहेर होतात. फॉरवर्डला काही मिनिटं जीव तोडून समोरच्या बॅकवर तुटून पडायला सांगतात, त्याचा पास बिघडवायचा आणि बाहेर येऊन पाणी प्यायचं. बिघडलेला पास चौथाच कुणी उचलतो, पाचवा गोल करतो, आणि अण्णा पाचव्यासाठी टाळ्या वाजवतात. मग डीमधली झटापट. गोल होतो तो त्या साडेचौदा मीटरच्या अर्धवर्तुळातूनच, त्यामुळे तिथे गर्दी असते आणि जागा नसते. अशा वेळी बॅकच्या पायावर बॉल मारून पेनल्टी कॉर्नर काढणारा पोरगा आपलं काम चोख करत असतो. गोल मात्र त्या कॉर्नरवर फटका मारणाऱ्या ड्रॅग फ्लिकरच्या नावावर चढतो. अण्णा पेनल्टी कॉर्नरला अजून शॉर्ट कॉर्नर म्हणतात आणि तो काढणं म्हणजे गोल चुकवणं समजतात.

सरांकडे उदाहरणांचा साठा आहे. दिलप्रीत सिंग अठराव्या वर्षी भारताकडून खेळला, २०१८च्या भुवनेश्वर वर्ल्डकपमध्ये खेळला, मग संघाबाहेर गेला. परत आला, टोकियो ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात पहिला गोल त्याचा. पुन्हा पॅरिसच्या संघात नाही. आणि २०२५च्या राजगीरच्या एशिया कपच्या फायनलमध्ये कोरियाविरुद्ध दोन गोल. मनदीप सिंगही तसाच, २०१३पासून संघात, त्याने सोडलेल्या संधी अण्णांना तोंडपाठ, आणि गळ्यात ऑलिंपिकची दोन ब्राँझ. सर हे सगळं सनावळीसकट सांगतात.

माझा आवडता दाखला मात्र ललित उपाध्यायचा. बनारसचा मुलगा. किशोरवयात, २००८ साली, एका वाहिनीच्या स्टिंग ऑपरेशनमध्ये त्याचं नाव त्याला कल्पना नसताना वापरलं गेलं. संघात घेण्यासाठी पैसे, असं ते प्रकरण. फेडरेशनमधली माणसं गेली, पण डाग या पोरावरही बसला. हॉकी सोडायच्या बेतात होता. त्याला एअर इंडियाच्या संघात आणून पुन्हा उभं करण्यात धनराजचा हात होता. २०१४मध्ये तो भारताकडून खेळला, टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे ब्राँझ घेऊन आला. हे मी अण्णांना सांगितलं, अशा आशेने की धनराजचं नाव आलं की ते विरघळतील.

ते विरघळले नाहीत. म्हणाले, "तुम्ही जमलेल्यांची नावं सांगता. माझ्याबरोबर खेळलेल्या, वेळ दिलेल्या आणि काहीच न जमलेल्या पोरांची नावं मी सांगू का? एक रिक्षा चालवतो, एक दुबईला गेला, एक गेलाच. त्यांना पण सगळे म्हणत होते, थांबा, होईल."

यावर सर गप्प झाले. वाकडचा तरुणही मोबाइल बघायला लागला, तक्त्यात याचा रकाना नसावा. मलाही उत्तर सुचलं नाही, आणि घरी जाताना मेट्रोत बसून विचार करताना वाटलं की अण्णांचा राग त्या पोरावर कमी आणि आमच्या 'वेळ द्या'वर जास्त आहे. पायऱ्यांवर बसून वेळ द्यायला आमचं काय जातं? आमच्या खिशातून चहाचे पैसे जातात, तेही बहुतेक अण्णांच्या. वेळ देणारा दुसराच कुणी असतो. धनराजला तो थोरल्या भावाने, रमेशने दिला. तो आधी मुंबईत जाऊन खेळत होता, म्हणून धाकट्याला तिथे पाय ठेवायला जागा झाली. पुढे महिंद्राची टीम मिळाली. खेळाडूला नोकरी देणारी कंपनी म्हणजे वेळेची खरी सावकार. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीने सातारा जिल्ह्यातल्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ अशा मुलींना राहायला जागा, जेवण, टर्फ आणि वर्षं दिली, त्या भारताच्या संघात गेल्या. धीर धरण्याची सोय कुणीतरी करावी लागते, आणि ती सोय ज्युनियरची वयोमर्यादा संपायच्या आत व्हावी लागते. एकविसानंतर त्या दारातून आत येता येत नाही. धनराजला भारताची जर्सी मिळाली त्या वयात आजच्या मुलाला ज्युनियर संघाचा निरोप घ्यावा लागतो, हे अण्णांना एकदा सांगायला हवं. लांब उभं राहून.

गेल्या रविवारी आमचा वाद ऐन भरात होता. मुलाने उजवीकडून आलेला बॉल न थांबवता वळवून घेतला, बॅकला मागे टाकलं आणि मग मोकळ्या गोलवर फटका बाहेर मारला. अण्णा म्हणाले, बघा. सर म्हणाले, बघा. दोघांनाही आपलंच खरं ठरलं असं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या पायरीवरून एक बाई खाली वाकून म्हणाल्या, "दादा, तुम्हाला हॉकीतलं कळतं वाटतं. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचा फॉर्म भरायचाय. सर्टिफिकेट कुठलं लागतं?"

आम्ही मागे वळून पाहिलं. मांडीवर किट बॅग, बॅगेवर आमच्याच विषयाचा नंबर. इतका वेळ त्या मागेच बसलेल्या होत्या.

सर अंग चोरून बसले. अण्णांनी मात्र चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "ताई, नुसतं सर्टिफिकेट चालत नाही. कधीचं आहे ते बघतात. मागच्या एक-दोन वर्षांतलं पाहिजे."

"सबज्युनियरचं आहे. तेव्हा खूप गोल होते त्याचे."

"ते जुनं झालं. ते गोल तिकडं धरत नाहीत." अण्णा थोडे थांबले. "जाहिरातीत तारखा दिलेल्या असतात, त्या नीट वाचा. नॅशनल खेळला असेल त्याचं काढा. आणि अजून एक, पोराला सांगा ट्रायलला गोल मारायच्या मागे लागू नको. आता मघाशी बॉल वळवला ना, ते दाखव. कोच लोक तेच बघतात."

"अण्णा!" सर ओरडले. "आत्ता तुम्ही म्हणत होतात की—"

"ते वेगळं," अण्णा म्हणाले. "ते आपल्यातलं."

मग वाकडच्या तरुणाने तक्ता उघडून पेनल्टी कॉर्नरचा आकडा त्यांना दाखवला. त्या बाईंनी तो मन लावून पाहिला आणि विचारलं, हे फॉर्मला जोडता येईल का. त्यावर सरांचं म्हणणं पडलं की रेल्वेपेक्षा आर्मीत दिलेलं बरं, तिथे खेळाकडे लक्ष देतात. अण्णा म्हणाले, आर्मीत गेला तर पोस्टिंग कुठे लागेल काय सांगता येतं, आपल्याला दिसणार नाही तो. रेल्वेत बरा. सर म्हणाले, तुम्हाला दिसावा म्हणून त्याने नोकरी करायची का? तिसरा क्वार्टर कधी संपला ते कुणालाच कळलं नाही.