तुम्ही विचारलंत म्हणून: एक फोटो का पुरत नाही?

"गोळ्यांच्या खुणांचे एवढे शेकडो फोटो कशाला? एक नीट काढला की झालं!" युद्धात मार खाल्लेल्या जुन्या दगडी इमारतींची नोंद ठेवणं हे माझं काम, त्यामुळे हे मी नेहमी ऐकते.

समोरून काढलेल्या एका फोटोत खड्डा आणि काळा डाग सारखेच दिसू शकतात. म्हणून आम्ही भिंतीपुढून थोडं थोडं सरकत फोटो काढतो, आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्यात परत येईल असे. सॉफ्टवेअर सारखे बिंदू जुळवून भिंतीचं त्रिमितीय मॉडेल तयार करतं. शेजारी मोजपट्टी हवीच. ती विसरले, तर मॉडेल देखणं होतं पण माप काही निघत नाही. माझा एक अख्खा दिवस असा वाया गेलाय.

फोटोंवरून इमारत मोजायची कल्पना जुनीच. 1858 मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारचं कॅथेड्रल मोजताना आल्ब्रेख्ट मायडनबाऊअर हा वास्तुविशारद उंचावरून पडता पडता वाचला, आणि वर न चढताही मोजता येईल का, या विचाराने त्याला पछाडलं.

बारीक तड्यांसाठी मात्र मी 2001 मध्ये संगणक-संशोधक टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत वापरते. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, फिरवायचा तो दिवा, आणि दिव्याच्या दर जागेला एक फोटो काढायचा. जवळ एक चकचकीत काळा गोळा ठेवायचा. त्यावरच्या चमकेवरून उजेड कुठून आला ते संगणकाला कळतं. मग पडद्यावर हवा तसा तिरपा उजेड पाडा, केसाएवढा तडाही उठून दिसतो.

एवढा खटाटोप का? कारण गोळी लागली त्या दिवशी नुकसान संपत नाही. टवका उडतो तो डोळ्यांना दिसतो, पण आजूबाजूचा दगडही आतून तडकलेला असतो. तिथे पाणी मुरतं, क्षारांचे स्फटिक होतात, गोठणाऱ्या थंडीत बर्फ फुगतो. गोळीचा पोलादी तुकडा आत राहिला असेल तर तोही गंजून फुगतो. हे आतलं कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो पृष्ठभागावरचा फरक, आणि त्यासाठी आधीचं मॉडेल हाताशी लागतं.

एका भिंतीची दोन वर्षांच्या अंतराने केलेली दोन मॉडेलं मी एकमेकांवर ठेवून पाहिली. खड्डा होता तेवढाच होता. वीतभर पलीकडे, जिथे काहीच लागलं नव्हतं, तिथला तळहाताएवढा कपचा गेलेला होता.