तुमचं भांडण किती वाजता आहे?

काल आईने विचारलं, "या वेळचं तुमचं भांडण किती वाजता आहे?"

तिला म्हणायचं होतं मर्सीसाइड डर्बी. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या दोन फुटबॉल क्लबांची मॅच, एव्हर्टन विरुद्ध लिव्हरपूल. घरात ही मॅच सुरू होऊन २१ वर्षं होतील आता, पण आईच्या लेखी तिचं नाव एकच. वेळ मात्र मला नक्की सांगता आली नाही. टीव्हीवाले या मॅचची वेळ सोयीप्रमाणे हलवत राहतात. एप्रिलमध्ये आहे, एवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. म्हणजे तोपर्यंत तरी बोलताय ना एकमेकांशी?"

बोलतोय. पण जपून.

सुरुवात झाली २५ मे २००५ च्या रात्री. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल होती, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. मिलानने हाफटाइमलाच ३-० केलं होतं. दादा तोवर कुणाचाच फॅन नव्हता, झोप येत नाही म्हणून बघत बसला होता. मग लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल केले, पुढे पेनल्टीवर कपही जिंकला आणि दादाने ओरडून सगळं घर उठवलं. दुसऱ्या दिवशी तो ज्या थाटात वावरत होता, ते बघून माझं डोकं फिरलं. पेपरात इंग्लिश लीगचा तक्ता शोधून काढला. लिव्हरपूल पाचवे. चौथं कोण? एव्हर्टन. कुठले? लिव्हरपूलचेच. मी तक्ता त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "अरे, तुम्ही तर स्वतःच्या गावातसुद्धा दुसरे आहात."

त्या एका वाक्यासाठी मी एव्हर्टनची झाले. त्यानंतर आम्ही तक्त्यात त्यांच्या वर राहिलो ते २०१२ आणि २०१३ मध्ये. आमची शेवटची मोठी ट्रॉफी १९९५ चा एफए कप, म्हणजे मी यायच्या दहा वर्षं आधीची. भावाला खिजवायला माणसाने इतका महागातला सौदा करू नये. पण आता झालाय.

आमच्या भांडणात मला सगळ्यात आवडणारा भाग जुन्या काळातला आहे. लिव्हरपूलचं ॲनफिल्ड हे मूळ एव्हर्टनचं मैदान. १८८४ ते १८९२ आम्ही तिथे खेळलो. मग जॉन हूल्डिंग नावाच्या गृहस्थांशी भाड्यावरून बिनसलं आणि क्लब सामान उचलून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन या नव्या मैदानावर गेला. हूल्डिंगकडे मैदान उरलं, खेळायला टीम नाही. म्हणून त्यांनी नवी टीम काढली, तीच लिव्हरपूल. थोडक्यात, आम्ही सोडलेल्या घरात हे लोक राहायला आले. १३ ऑक्टोबर १८९४ ला दोघांची लीगमधली पहिली मॅच गुडिसनवर झाली, आम्ही ३-० जिंकलो. हे मी दरवर्षी सांगते. दादा दरवर्षी म्हणतो, "घर कुणाच्या नावावर आहे ते सांग."

या डर्बीला 'फ्रेंडली डर्बी' म्हणायची पद्धत आहे, कारण तिथे एकाच घरात लाल (लिव्हरपूलवाले) आणि निळे (एव्हर्टनवाले) असतात. १९८४ च्या लीग कपच्या फायनलला वेम्बलीवर दोन्हीकडचे लोक एकमेकांत मिसळून बसले होते. आणि तरीही प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त लाल कार्डं याच लढतीत निघाली आहेत. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. ज्यांनी भावंडांना एका खोलीत वाढताना पाहिलंय, त्यांनाही वाटणार नाही.

एका विषयावर मात्र आम्ही दोघं कधीच चेष्टा करत नाही. १९८९ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे चाहते चेंगरले, ९७ जीव गेले. तेव्हा दोन्ही टीमच्या लोकांनी स्कार्फला स्कार्फ बांधून स्टॅन्ली पार्कमधून ॲनफिल्ड ते गुडिसन अशी रांग केली होती, लाल आणि निळे. त्यानंतर लिव्हरपूल लीगची पहिली मॅच खेळले ती ३ मे रोजी, गुडिसनवर, आमच्याशी. ०-०. दादाला आणि मला दोघांना पाठ असलेला हा एकमेव गोलशून्य सामना.

आता फोनबद्दल. आमच्यात नियम आहे की मॅच चालू असताना दोघांचे फोन बंद. हा नियम २ डिसेंबर २०१८ ला जन्माला आला. ॲनफिल्डवर ०-० चालू होतं, ९५ मिनिटं होऊन गेली होती. मी मोबाइलवर बघत होते आणि माझं स्ट्रीमिंग टीव्हीच्या चाळीसेक सेकंद मागे. एक पॉइंट हातात आलाच, अशा समाधानात होते मी. तेवढ्यात स्क्रीनवर मॅचच्या वर नाव झळकलं. दादा.

मी कॉल उचलला नाही. काय झालंय ते कळलंच होतं, फक्त कसं झालं ते बघायचं उरलं होतं. ते बघितलं. त्यांच्या व्हॅन डाइकचा फटका पार चुकला, चेंडू उंच हवेत गेला, आमच्या गोलकीपर पिकफर्डने क्रॉसबारपाशी त्याला हात लावला, चेंडू बारवर टप्पा खाऊन परत मैदानात आला आणि त्यांच्या ओरिगीने डोक्याने आत ढकलला. त्यांचा तेव्हाचा कोच क्लॉप पळत मैदानात जाऊन त्यांच्या गोलकीपर आलिसनच्या गळ्यात पडला. हा गोल मी बहुधा जगात सगळ्यात संथपणे खाल्ला असेल. पुढे तीन आठवडे मी दादाशी फक्त आईमार्फत बोलत होते.

गुडिसनला मी कधी गेले नाही. टीव्हीवर बघून बघूनच मला तिथले लाकडी सीट आणि मध्ये येणारे खांब पाठ झाले होते. आमचे डिक्सी डीन, ज्यांनी १९२७-२८ च्या एका हंगामात लीगमध्ये ६० गोल केले, ते १ मार्च १९८० ला तिथेच गेले, डर्बी बघायला आले असताना. अशा मैदानावर हरायलाही एक रीत असते. आता कुठून मार बसणार, याचा अंदाज यायचा. कधी उलटंही व्हायचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रॅन्थवेट आणि कॅल्व्हर्ट-लुइनने गोल केले, आम्ही २-० जिंकलो आणि २०१० नंतर पहिल्यांदा घरच्या मैदानावर डर्बी मिळाली. त्या रात्री मी जमिनीवर बसून मॅच बघत होते. तेव्हापासून गुडिसनची डर्बी असली की जमिनीवर, ॲनफिल्डची असली की खुर्चीत. (कृपया यावर कुणी शास्त्र शिकवू नये.)

१२ फेब्रुवारी २०२५ ला गुडिसनवरची शेवटची मर्सीसाइड डर्बी झाली. जमिनीवर बसलेली मी, फोन बंद. आमच्या बेटोचा गोल, लगेच त्यांची बरोबरी, मग त्यांच्या सालाहचा गोल, १-२. आठ मिनिटं जादा वेळ गेला आणि ९८ व्या मिनिटाला आमच्या टार्कोव्स्कीने बॉक्समध्ये चेंडू असा काही हाणला की जाळी फाटते की काय असं वाटलं. सेंटर-बॅकने, म्हणजे बचाव करणाऱ्याने, असा फटका मारायचा नसतो. मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून गोल तपासणं. ते लोक रेषा आखत बसले आणि इकडे मी उशीचा कोपरा दातात धरून बसले, कारण घर झोपलेलं होतं. गोल दिला! शिट्टी वाजल्यावरही भांडणं चालूच, आमच्या डुकूरेला आणि त्यांच्या कर्टिस जोन्सला लाल कार्ड, त्यांचे कोच आर्ने स्लॉट यांनाही लाल कार्ड.

मग फोन चालू केला. दादाचा एक मेसेज होता. नियम मोडून, गोलच्या मिनिटभर आधी पाठवलेला. "चला, गुडिसनला रामराम."

त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. कुठे कुठे ठेवलाय, ते मी सांगणार नाही.

या वेळचा पेच वेगळा आहे. गुडिसन आता एव्हर्टनच्या महिला संघाचं घर झालं, आणि आपण मर्सी नदीकाठी आलो. ब्रॅमली-मूर डॉक ही जुनी गोदी वाळूने भरून त्यावर हिल डिकिन्सन स्टेडियम उभं राहिलं, ५२ हजारांहून जास्त लोक मावतील असं. २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूल शहराचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला, त्यामागच्या कारणांत या स्टेडियमचंही नाव होतं. (दादा: "म्हणजे वारसासुद्धा घालवलात तुम्ही.") २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथली लीगची पहिली मॅच ब्रायटनशी झाली, २-० जिंकलो, पहिला गोल एन्डियायचा. छान झालं सगळं. पण तिथे अजून डर्बी झालेली नाही. ते मैदान अजून कुणी रडवलेलं नाही, आणि पहिल्यांदा कोण कुणाला रडवणार, या विचाराने माझ्या पोटात आत्तापासून गोळा आलाय. शिवाय बसायचं कुठे? जमिनीवर बसायचं ते गुडिसनसाठी. या नव्या जागेला काय लागू पडतं ते कुणाला विचारू?

खेळाचं म्हणाल तर सप्टेंबरमध्ये ॲनफिल्डवर २-१ हरलो. पहिला अर्धा तास आपण झोपेत होतो, ग्रॅवेनबर्ख आणि एकिटिके गोल करून गेले, मग आपल्या गेयेने एक फेडला आणि त्यानंतर बरोबरीचे खेळलो. माझी आशा कॉर्नरवर आहे. टार्कोव्स्कीला डोकं लावायला मिळू दे, बाकी आमचे कोच मॉयस बघतील. पिकफर्डने शांत राहावं अशीही इच्छा आहे. २०२० च्या डर्बीत त्याच्या टॅकलने व्हॅन डाइकचा गुडघा गेला, तेव्हापासून दादा त्याचं नाव घेत नाही, "तुमचा तो माणूस" म्हणतो.

आणि या वेळी दादा मॅचला इकडेच येतोय. सोफा एकच आहे. दोन्ही फोन आईकडे जमा होणार. परवा तो स्पीकरवर असताना हे सगळं ठरलं. आई म्हणाली, मग मीही बसते, पण मी कुणाच्या बाजूने? मी म्हटलं, "आई, मूळ घर कुणाचं होतं ते बघ आणि ठरव. आमचं होतं."

फोनमधून दादा म्हणाला, "आणि भाड्यावरून कोण पळालं, तेही सांग तिला."