रीळ क्रमांक 9 : ट्राम अखेर सापडली, आणि तीही दादरलाच

काकांच्या जुन्या फिल्मची रिळे मी स्कॅन करून संगणकावर उतरवतो आहे. मागच्या नोंदीत मी रीळ क्रमांक 9 मधल्या ट्रामच्या तुकड्यापुढे हात टेकले होते आणि जागा ओळखण्यासाठी तुमची मदत मागितली होती. परळ नाका, भायखळा, लालबाग असे जे अंदाज तुम्ही कळवलेत, ते सगळे चुकले. माझे तर त्याहून अधिक चुकले. चुकीचे मूळ मात्र मुंबईत सापडले नाही, ते माझ्याच संगणकात, मी टंकलेल्या एका ओळीत सापडले.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका नैरोबीला रेल्वेत नोकरीला होते आणि दर काही वर्षांनी सुट्टीवर मुंबईला येताना साधा आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन येत. 1968 च्या सुरुवातीला, ब्रिटनच्या नव्या स्थलांतर कायद्याने दार बंद होण्याच्या आत, ते इंग्लंडला गेले. त्यामुळे हे डबे नैरोबी, लेस्टर आणि आता विलेपार्ले असा प्रवास करून माझ्या टेबलावर आलेले आहेत. रीळ 9 म्हणजे पन्नास-पन्नास फुटांच्या चार फितींची, टेपने जोडलेली एक माळ आहे. ‘करंजा’ जहाजाचे काळे धुरांडे आणि त्यावरचे दोन पांढरे पट्टे, मग गेटवे, मग काळा घोडा आणि शेवटी, एका जोडानंतर, ट्राम.

काळ ठरवणे सोपे गेले. फितीच्या कडेला कोडॅकचे दोन त्रिकोण आहेत आणि ही चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा येत असल्याने ती फीत 1941, 1961 किंवा 1981 मध्ये तयार झालेली असू शकते. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा पुतळा दिसतो, आणि तो 26 जानेवारी 1961 रोजी उभा राहिला. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. म्हणजे तीन वर्षांची खिडकी मिळाली. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, फितीत अजून आपल्या चौथऱ्यावर आहे, राणीच्या बागेत त्याची रवानगी 1965 मध्ये झाली, हेही त्याच्याशी जुळते.

अडले ते जागेवर. तुकडा 38 सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीने 608 चौकटींचा आहे. त्यात गोल वळलेल्या दर्शनी भागाची एक इमारत, तिच्या पायथ्याशी दुकानांची रांग, मधून येणारी दुमजली ट्राम आणि कडेला उभी असलेली काकू एवढेच दिसते. पाट्या आहेत, पण साडेचार मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत त्यांचे नुसते पांढरे फराटे उरतात. दादर टी.टी. मी फेब्रुवारीतच पाहून बाद केले होते, कारण तिथली एकही इमारत योग्य बाजूला नव्हती. त्यानंतर तीन महिने, दर रविवारी, छापील चौकटी हातात घेऊन मी आंबेडकर मार्गावर भायखळ्यापासून वर चालत आलो. पडणाऱ्या सावल्यांवरून वेळ सकाळची ठरवली. ट्राम उजव्या रुळावरून येते हे मला दिसत होते. ती रूळ बदलत असावी, अशी मी स्वतःची समजूतही घालून टाकली होती. जो धागा अडचणीचा वाटला त्याला मी स्वतःच गाठ मारत गेलो, हे आज लिहिताना मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आत्या आली होती. ती 86 वर्षांची आहे. तिला माणसे ओळखून घ्यायची होती म्हणून मी सगळे रीळ लावले. ट्रामचा तुकडा आला तेव्हा तिने चष्मा पुसला आणि विचारले, “अरे, वहिनीचा पदर उजव्या खांद्यावर कसा? ती काय गुजराती साडी नेसायची?” मी म्हटले, “अगं आत्या, जुनी फिल्म आहे, नीट दिसत नसेल.” त्यावर ती म्हणाली, “मला नीट दिसतंय. आणि हा तुकडा असा नव्हताच. हा आला की सगळे उलटे लटकायचे आणि पाठीमागे चालायचे. आम्ही पोट धरून हसायचो.”

त्यानंतर मला जेवण गेले नाही. काकांनी हा तुकडा जोडताना शेपटाकडून, पालथा जोडलेला होता. आठ मिलिमीटरच्या फितीला भोके एकाच कडेला असतात, त्यामुळे फीत डावी-उजवी पालथी झाली तर ती गेटमध्ये, म्हणजे यंत्रात फीत जिथून भिंगासमोरून सरकते त्या खाचेत, बसतच नाही. पण टोकाकडून टोकाकडे उलटवली तर भोके जागच्या जागी राहतात आणि यंत्र काहीही तक्रार न करता ती ओढते. चित्र वरखाली होते आणि काळ मागे धावतो. स्कॅनमध्ये मला नेमके तेच दिसले होते. मी चौकटींचा क्रम उलटा केला, ते बरोबर होते. पण चित्र सरळ करायला मी त्याला 180 अंशांत फिरवले, आणि तिथे घात झाला. ट्रेसिंग पेपरवर ‘दादर’ असे लिहा आणि कागद खालून वर असा पालथा करा. आता तो पालथाच ठेवून टेबलावर अर्धा फिरवा. अक्षरे पायांवर उभी राहतील, पण आरशातली असतील. मला फिरवायचे नव्हते, फक्त वरखाली उलटवायचे होते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीफ्लिप’ (वरखाली उलटवणे) हा एकच शब्द पुरेसा होता; मी सवयीने त्याच्यापुढे ‘एचफ्लिप’ही (डावे-उजवे उलटवणे) टंकला होता.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर असून मी वाया घालवली. याच तुकड्याला फोकस सतत मऊ येत होता आणि मी त्याचे खापर फीत वाकल्यावर फोडून एका नोंदीत दोन परिच्छेद खर्च केले होते. पालथ्या फितीत इमल्शन, म्हणजे फितीवरचा प्रतिमेचा थर, भिंगाच्या विरुद्ध बाजूला जाते, म्हणजे प्रतिमा फितीच्या जाडीइतकी, सुमारे 0.15 मिलिमीटर, मागे सरकते. काल भिंग तेवढे पुढे घेतले आणि काकूच्या साडीचे काठ दिसू लागले. वाकलेल्या फितीबद्दलचे ते दोन परिच्छेद कृपया विसरा.

सरळ केलेली चौकट घेऊन मी संध्याकाळी साडेपाचला दादर टी.टी.ला गेलो. ‘टी.टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस, हे ज्याने लहानपणापासून ऐकले आहे त्याने ही जागा बाद करावी, याला काय म्हणावे! उड्डाणपुलामुळे काकांच्या जागेवरून आज निम्मे दृश्य झाकले जाते, म्हणून पुलाच्या एका खांबाला पाठ लावून उभे राहावे लागले. खोदादाद सर्कलची ती गोल वळणाची इमारत होर्डिंग आणि वातानुकूलन यंत्रांच्या मागे उभी आहे, पण वळण तेच आहे. सावल्याही जुळल्या. कॅमेऱ्याचे तोंड दक्षिणेकडे आहे आणि ऊन उजवीकडून येते, म्हणजे वेळ संध्याकाळची. माझी तीन महिन्यांची सकाळ तिथे संपली.

खांबाशी उभा असताना एक गोष्ट जाणवली, ती इथेच लिहितो. काकूला काकांनी चौकटीच्या अगदी कडेला ठेवले आहे आणि मध्यभाग ट्रामला दिला आहे. घरातले एकही दृश्य या रिळात नाही. धुरांडे, कमान, पुतळा, ट्राम, जे परदेशी प्रवासी टिपेल तेच आहे. मी मस्कतला बावीस वर्षे काढली आणि माझ्या व्हिडिओ कॅसेटही अशाच आहेत. पार्ले स्टेशनचा पूल मी सहा वेळा चित्रित केला, आईला एकदा, तेही तिने कॅमेऱ्यापुढे हात धरला तेवढे. सुट्टीवर आलेल्या माणसाला वाटते की माणसे परत गेल्यावरही पत्रातून भेटतील, रस्ता मात्र भेटणार नाही. काकांच्या बाबतीत ट्रामपुरते ते खरे ठरले.

साहित्याबद्दल दोन शब्द. स्कॅनरच्या दिव्यासाठी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली पहिली स्वस्त एलईडी मी काढून टाकली. तिच्या प्रकाशात कोडाक्रोमचा (कोडॅकच्या रंगीत फिल्मचा) लाल रंग विटकरी दिसत होता आणि दुकानदार “सगळ्या सारख्याच असतात” असे म्हणत राहिला. त्या सारख्या नसतात. रंगदर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) 95 च्या वरची बसवल्यावर ट्रामच्या मागून येणारी बेस्टची बस खऱ्या अर्थाने लाल झाली, आणि ते पाहत मी चहा थंड होईपर्यंत बसलो. जुन्या टेपचा चिकटा मात्र 99 टक्के आयसोप्रोपिलनेच निघतो, आणि तोही कापसाने नव्हे, मऊ सुती कपड्याने. कापसाचे तंतू गेटमध्ये अडकतात.

पुढचे रीळ नैरोबी–मोंबासा गाडीचे घ्यायचे ठरले होते, ते आता लांबणीवर पडले. मी फिरवलेले आणखी दोन तुकडे रीळ 4 आणि रीळ 11 मध्ये आहेत, ते आधी तपासायला हवेत; रीळ 11 मधला जो समुद्रकिनारा मी मोंबासाचा म्हणून नोंदवला, तो आता मला गिरगाव चौपाटीसारखा दिसू लागला आहे. जोड उघडून तुकडा कायमचा सरळ करायचा, असे हा मजकूर लिहायला बसलो तेव्हा मनात होते. तेही रद्द. आत्याला सरळ केलेली ट्राम दाखवली, तर तिने ती एकदाच पाहिली, पदर डाव्या खांद्यावर आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, “आता ती लटकणारी लाव.” फितीचा जोड काकांनी ठेवला तसाच राहील, आणि रीळ 9 च्या दोन फाइल बनतील.