येलदरीच्या थडीवर वैशाखातले दोन दिवस

मे महिन्यात परभणीहून जिंतूरकडे निघायचे असेल, तर पहाटे साडेतीनला निघावे. झरी आणि बोरी ही गावे झोपेत असतानाच मागे पडतात आणि जिंतूरच्या चौकात पहिल्या चहाला उकळी फुटत असताना माणूस तिथे पोहोचतो. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझा मावसभाऊ जिंतूरजवळच्या येलदरी धरणावर गळाने मासे धरायला असेच निघालो. गाडीत दोन दांड्या, गळांची एक डबी, बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी, ज्वारीच्या भाकरी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली गांडुळे एवढेच सामान होते. वैशाखात मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे गांडूळ शोधणे हेच या दिवसांतले पहिले कष्टाचे काम असते. शेतात कुदळ मारून काही हाती लागत नाही. केळीच्या बुंध्याशी, गळक्या हौदाच्या कडेला किंवा गोठ्यामागच्या ओलसर शेणखताखाली मात्र पंधरा मिनिटांत ओंजळभर गांडुळे निघतात.

गळ टाकायला पैठणला का जात नाही, असे मला अनेक जण विचारतात. नाथसागर मोठा आहे आणि जवळचाही वाटतो. पण तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि केवळ हौसेसाठी तिथे गळ टाकणे मला प्रशस्त वाटत नाही. पूर्णा नदीवरील येलदरीचे गणित वेगळे आहे. येथे वरच्या मोठ्या धरणात पाणी साठते, 22.5 मेगावॅटच्या वीजगृहातून ते खाली नदीत उतरते आणि पुढे सिद्धेश्वर धरणात अडवून तिथून कालव्यांना दिले जाते. म्हणजे एकाच नदीवर, एका दिवसाच्या फिरतीत, खोल साचलेले पाणी आणि वाहते पाणी असे दोन्ही पाहायला मिळते. उन्हाळ्यात हा फरक किती मोठा असतो, हे मला या प्रवासात नीट कळले.

काठावर गेल्यावर आधी परवानगी घ्यावी. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या तलावांतील मासेमारी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. पाण्यात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्ले, त्यांनी सोडलेली असतात आणि त्यांची वाढ होईपर्यंतची राखणही त्यांचीच असते. त्यामुळे गळाने मासे धरणाऱ्याने पाहुण्यासारखे वागावे, कोणाच्या जाळ्याजवळ दोर टाकू नये आणि धरणाच्या भिंतीवर, सांडव्यावर किंवा वीजगृहाच्या तोंडाशी तर मुळीच जाऊ नये. आम्ही संस्थेच्या माणसाला भेटलो, त्याने सांगितलेली पावती केली आणि कुठे बसायचे नाही तेही विचारून घेतले.

एवढे सगळे रीतसर करूनही पहिली सकाळ पूर्णपणे वाया गेली, आणि चूक माझीच होती. पाणी ओसरल्यामुळे उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत टरबुजांचे आणि काकड्यांचे वेल पसरले होते. त्यांच्या पलीकडे एक शांत, हिरवट, आरशासारखी खाडी दिसली आणि तीच मला आवडली. सावलीला एक बाभूळ होती, वारा नव्हता, पाणी हलत नव्हते. बसायला याहून चांगली जागा कोणती, असे मनाशी म्हणून मी दोर टाकला. सूर्य उगवण्याच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत होते. ते पाहून मावसभाऊ हरखला आणि मीही मनात आनंदलो. नऊ वाजेपर्यंत आम्ही कणकेचे गोळे बदलले, गांडुळे बदलली, तरंगकाडीची उंची बदलली. पण एकाही माशाने आमिषाला तोंड लावले नाही.

परतताना जाळे सुकवत बसलेले एक म्हातारे मच्छीमार भेटले. मावसभावाने त्यांना सरळच विचारले, “मामा, मासा वर दिसत होता, तरी खात कामून नव्हता?” मामा हसले आणि म्हणाले, “खायला नव्हता आला त्यो. दम लागला म्हनून वर आलता. तुमी सकाळी उठून धापा टाकत बसलाव, अन् कुनी म्होरं भाकर ठिवली, तर खातान का?” मग त्यांनी हाताने पलीकडचा उघडा, दगडगोट्यांचा, बसायला अत्यंत गैरसोयीचा काठ दाखवला. “वारा कुन्या थडीला लाटा मारतो ते बगा आदी. सावली नंतर बगा.”

मामांचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आणि नेमक्या याच काळात, शरीर तापल्यामुळे, माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. शेवाळाने हिरव्या झालेल्या साचलेल्या पाण्यात तर रात्र अधिकच वाईट जाते, कारण दिवसा उन्हात प्राणवायू तयार करणारे तेच शेवाळ रात्री तो वापरू लागते आणि पहाटे, सूर्य उगवण्याच्या थोडे आधी, पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी उरतो. पहाटेची वेळ गळाला उत्तम असे आपण सरसकट ऐकत आलो आहोत; ते मोठ्या, वारा लागणाऱ्या जलाशयाला लागू पडते, पण गावतळ्याला किंवा बंद खाडीला उन्हाळ्यात लागू पडत नाही. तिथे ऊन वर येऊन तास-दीड तास झाल्यावरच मासा खायला लागतो, आणि पाण्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर किंवा मेलेले मासे दिसत असतील, तर तिथे गळ टाकू नये आणि तिथला मासा खाऊही नये.

अगदी खोल पाण्यातही सुख नसते. वरचे तापलेले पाणी हलके म्हणून वरच राहते, खालचे गार पाणी तळाशी अडकून पडते आणि त्याला हवेचा स्पर्श होत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात आमिष थेट तळाला सोडण्यापेक्षा मधल्या थरात ठेवलेले बरे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, हे खरे असले, तरी वैशाखात मृगळही आपला तळ सोडून काठाकडच्या पुरुषभर पाण्यात सरकलेला मला आढळला आहे.

दुपार आम्ही जिंतूरमध्ये काढली. अकरा ते साडेचार या वेळेत काठावर बसून राहण्यात कसलाही पराक्रम नाही. या भागात पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि उष्माघात अनुभवी माणसालाही सोडत नाही. दोन गोष्टी मात्र त्या वेळात कराव्यात. नायलॉनचा दोर उन्हात राहिला की ठिसूळ होतो, म्हणून रीळ गाडीच्या काचेखाली ठेवू नये आणि गेल्या वर्षीचा दोर असल्यास त्याची पहिली आठ-दहा हात लांबी कापून टाकावी. तसेच संध्याकाळचे पीठ दुपारीच मळून ओल्या फडक्यात ठेवावे. आमच्याकडे गव्हाची कणीक, थोडे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ आणि कुटलेली शेंगदाण्याची पेंड असे मिश्रण चालते. कोमट पाण्यात नुसत्या कणकेचा गोळा लवकर विरघळतो, म्हणून मळताना त्यात कापसाचे अगदी थोडे तंतू मिसळले, तर तो गळावर टिकून राहतो.

पाच वाजता आम्ही मामांनी दाखवलेल्या थडीवर गेलो. वारा पश्चिमेकडून सुटला होता आणि पूर्वेच्या काठावर सारख्या लाटा आपटत होत्या. वाऱ्याने ढकललेला फेस, काडीकचरा आणि त्याबरोबर येणारे बारीक जीव याच काठाला लागतात, शिवाय लाट फुटताना पाण्यात हवा मिसळते. त्यामुळे माशाला दमही मिळतो आणि घासही. बसायला दगड होते, डोळ्यांत वाळू जात होती आणि तरंगकाडी लाटांमध्ये दिसत नव्हती, म्हणून मी ती काढूनच टाकली आणि दोर बोटावर धरून बसलो. पहिल्या पाऊण तासात दोन रोहू आले, त्यांतला मोठा असेल दोन किलोचा. त्यानंतर चिलापीने असा काही उच्छाद मांडला की आमिष पाण्यात पडते न पडते तोच ती लचका तोडून न्यायची. चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती 1952 साली आणली गेली आणि आता कोणत्याही पाण्यात ती घरच्यासारखी वावरते. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. नवशिक्याने उन्हाळ्यात चिलापीवरच हात बसवावा असे माझे मत आहे, कारण ती तापलेले आणि कमी प्राणवायूचे पाणी इतरांपेक्षा चांगले सोसते आणि गांडुळाला क्वचितच नाही म्हणते.

मावसभावाला मरळच हवी होती, त्यामुळे तो सकाळच्याच त्या हिरव्या खाडीत परत गेला, आणि इथे तो बरोबर होता. मरळ पाण्याबाहेरची हवा घेऊ शकते. ठरावीक वेळाने ती वर येते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. इतर मासे धापा टाकत असतात त्या पाण्यातही ती बेशरमाच्या झुडपांच्या मुळाशी निवांत दबा धरून असते. जिवंत बेडूक गळाला लावण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. रबरी बेडूक झुडपाच्या कडेने हळूहळू ओढत आणला तरी मरळ झेपावते. पावसाच्या तोंडावर पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात, आणि तिथे गळ टाकला तर ती रागाने हमखास लागतात. ती मरळ धरू नये, कारण पाठीमागे तो सगळा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. मावसभावाला एक मरळ लागली, झुडपात शिरली आणि दोर तोडून गेली. त्याच प्रयत्नात तो वाळल्यासारख्या दिसणाऱ्या गाळावर पाऊल टाकून मांडीपर्यंत रुतला. वरची पापडी कडक आणि खाली लोणी, असा हा गाळ असतो. हातात काठी असल्याखेरीज आणि सोबतीला माणूस असल्याखेरीज त्यावर जाऊ नये. त्याची एक चप्पल अजून येलदरीतच आहे.

साडेसहाला ईशान्येकडे ढग भरून आले आणि लांबवर वीज चमकली. वळवाच्या आधी मासा चांगला खातो, हे खरे आहे, आणि म्हणूनच लोक उठत नाहीत. कार्बन फायबरची दांडी विजेची वाहक असते; मोकळ्या काठावर ती उभी धरून बसणे म्हणजे स्वतःहून विजेला बोलावणे आहे. आम्ही दांड्या आडव्या केल्या आणि गाडीत येऊन बसलो. पाऊस आला नाही, धूळ तेवढी आली.

रात्री समजले की वीजगृहातून पाणी सुटले आहे, कालव्याला उन्हाळी पाळी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही धरणापासून बरेच खाली, नदीच्या काठाला गेलो. पाण्यात हात घालताच ते जलाशयापेक्षा गार लागले. असे गार पाणी दिसले की अगदी तोंडाशी जाण्याचा मोह होतो; पण जलाशयाच्या खालच्या थरातून आलेले हे पाणी सुरुवातीला प्राणवायूने गरीब असू शकते, आणि दगडांवर आपटून, फेसाळून, थोडे अंतर धावल्यावरच ते माशाला मानवते. म्हणून खडकाळ उतार संपतो आणि पाणी डोहात शिरते, त्या तोंडाशी बसावे. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. वाढीव पाणी सोडले की नदी काही मिनिटांत चढते, म्हणून आपल्यामागे चढून जाण्याची वाट मोकळी आहे ना, हे पाहूनच सामान उघडावे, आणि भोंगा ऐकू आला की गळ पाण्यात असला तरी उठावे. मी पाण्याच्या कडेला एक दगड खुणेला ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहत होतो.

त्या डोहाच्या तोंडाशी दीड तासात एक शिंगाळा, दोन लहान मृगळ आणि दगडांच्या फटीतून एक वाम आली. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांमागचा काटा हाताला खोल लागतो, म्हणून तो आधी ओल्या गोणपाटात दाबून धरावा आणि मगच गळ काढावा. लहान मृगळ आम्ही सोडले. उन्हाळ्यात मासा सोडायचा असेल, तर त्याला खेळवत बसू नये; तापलेल्या पाण्यात दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि अर्ध्या तासाने मरतो. हात ओले करून, पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवावा. ठेवायचा मासा तिथेच साफ करून बर्फात घालावा, कारण या हवेत दोन तासांत त्याची चव जाते. मृग नक्षत्र लागून नवे गढूळ पाणी आले, की मासे गाबोळीने भरून प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. त्या दिवसांत चढणीचा मासा सहज हाताला लागतो, आणि त्याच कारणाने मी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दांड्या माळ्यावर टाकतो.

साडेआठला माझा खुणेचा दगड पाण्याखाली गेला. आम्ही सामान आवरले आणि वरच्या वाटेला लागलो. मामांना एक रोहू द्यावा म्हणून त्यांच्या खोपटाकडे गाडी वळवली, तर ते आमच्या पेटीत डोकावले, रोहू तसाच राहू दिला आणि म्हणाले, “वाम हाय का? वाम द्या. रोहू तर आमी रोजच धरतो.” मावसभावाने जरा नाइलाजानेच वाम काढून दिली. परभणीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते आणि पेटीतला बर्फ निम्मा उरला होता; रात्री काळ्या मसाल्यात रोहूचे कालवण झाले, आणि मावसभाऊ जेवताना दोनदा वामेची आठवण काढून गप्प झाला.